तात्यांची भरदिवसाची झोप

आमच्या ऑपरेशन थिएटरच्या दाराशी दर अमावस्येला कुणीतरी लिंबू ठेवून जातं. कोण ठेवतं ते सगळ्या स्टाफला माहीत आहे, पण कुणी बोलत नाही. मी ते लिंबू उचलते, धुते आणि ड्यूटी संपल्यावर त्याचं सरबत करून पिते. बारामतीच्या एका खाजगी हॉस्पिटलात थिएटर सिस्टर म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. टेबलावर माणसं गेलेली पाहिली, गेली गेली म्हणता परत आलेलीही पाहिली. प्रत्येक वेळी मागं काहीतरी कारण सापडलंच... पोटॅशियम, रक्ताची गुठळी, नाहीतर कुणाचा तरी हलगर्जीपणा. हे आधीच सांगून ठेवते, कारण या सदरात लिहिणारे सगळेच "माझा विश्वास नव्हता" म्हणतात आणि दुसऱ्याच परिच्छेदात त्यांना पांढऱ्या साडीतली बाई दिसते. मला बाईबिई काही दिसलेली नाही. मला दिसली माझ्या सख्ख्या बापाची हनुवटी, तीही भर दुपारी, जेवणाच्या ताटावर.

माहेर माझं बावड्याचं, तालुका इंदापूर. घरची केळी, डाळिंब, थोडा ऊस. वडिलांना आम्ही तात्या म्हणतो. गावात त्यांना मान आहे आणि घरात त्यांचा धाक... खरं तर धाक हा फार सभ्य शब्द झाला. माझा धाकटा भाऊ दिनू पाचवीत असताना त्याच्या हातून मोटर बंद करायची राहिली आणि नव्यानं लावलेली केळीची रोपं पाण्यात गेली. तात्यांनी त्याला भर वर्गातून उठवला आणि उजव्या कानाला धरून शाळेपासून मळ्यापर्यंत ओढत नेला. वाटेत लोक उभे होते. अडवलं कुणीच नाही. कानाची पाळी खालून फाटली, टाके पडले, तेही वाकडे बसले. आई हळद दाबायला लागली तर तात्या म्हणाले, "हळद वाया नगं घालवू. उद्या परत वढायचाय."

पुढं दिनू डॉक्टर झाला तेव्हा गावच्या सत्कारात तात्यांनी माईक घेऊन हीच गोष्ट सांगितली. "कान वढल्याबिगर डोस्कं चालत न्हाय पोराचं. ह्यो बगा त्यो कान!" असं म्हणून स्टेजवर त्याचं डोकं वळवून कान सगळ्यांना दाखवला. लोक हसले. दिनूही हसला. मी तेव्हा पुढच्या रांगेत बसले होते आणि मला तात्यांची मनापासून शिसारी आली होती. अजूनही येते. मुलीनं असं लिहू नये म्हणणाऱ्यांनी पुढचं वाचू नये.

दिनू भूलतज्ज्ञ झाला. म्हणजे ऑपरेशनआधी पेशंटला झोपवणारा, झोपेत त्याचा श्वास सांभाळणारा आणि नंतर उठवणारा. सुरुवातीला तो आमच्याच थिएटरला यायचा. प्रत्येक भूलतज्ज्ञाची आपली एक ढब असते, आम्हा सिस्टर लोकांना ती पाठ होते. पेशंट झोपला की जीभ मागं पडून श्वास अडतो, म्हणून जबड्याखाली बोटं घालून हनुवटी वर उचलून धरावी लागते. दिनू ती अगदी अलगद उचलायचा. आणि उठवताना बाकीचे डॉक्टर गालावर चापट्या मारतात, छातीवर मुठी घासतात, तर हा पेशंटच्या उजव्या कानाची पाळी चिमटीत धरून हळूच खाली ओढायचा. "आजी, झालं बरं का. उठा." मी एकदा चिडवलं होतं त्याला, "तुला दुसरी जागा मिळाली नाही होय रे?" तर म्हणाला, "ताई, माणसाचा कान आधी जागा होतो. बाकीचं सगळं मागून येतं."

तात्यांनी बावड्यात रस्त्याला लागून त्याच्यासाठी हॉस्पिटलची इमारत बांधली. पेंटरकडून पत्र्याचा बोर्ड रंगवून घेतला. दिनूला कुणी विचारलं नव्हतं. तो सहा महिन्यांसाठी स्वयंसेवक म्हणून आफ्रिकेत गेला, मलावी देशात, एका लांबच्या जिल्ह्यातल्या मिशन हॉस्पिटलात... आणि तिथंच राहिला. तिथं डॉक्टर मोजकेच. छोटा कोर्स केलेली माणसंच सिझेरियन करतात आणि भूलही तीच देतात. दिनू त्यांना शिकवायला लागला. फोनवर इतका मोकळा बोलायचा की हा आपलाच भाऊ का असं वाटायचं. तात्यांनी तो बोर्ड केळीच्या शेडमध्ये तोंड भिंतीकडं करून उभा केला आणि सगळ्या गावात सांगितलं, "बाप हितं मरायला टेकलाय आन् पोरगं तिकडल्या बायांच्या उशाला बसलंय." मरायला वगैरे काही टेकले नव्हते. दोन भाकरी आरामात खात होते.

झोपेचं सुरू झालं ते त्यानंतर.

पहिला प्रकार डाळिंबाच्या बागेत झाला. छाटणी चुकली म्हणून तात्या एका गड्याला शिव्या देत होते. शिवी अर्धी तोंडात असतानाच ते बांधावर बसले आणि झोपले. बिचारा गडी उरलेली शिवी ऐकायला तसाच उभा. काही केल्या तात्या उठेनात. बऱ्याच वेळानं आपोआप उठले, उजवा कान चोळला, भडाभडा ओकले आणि कुडकुडायला लागले. वर ऊन मी म्हणत होतं.

मग लग्नाच्या पंगतीत झालं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये झालं. नेहमी दिवसाच, दुपारच्या सुमारास. गावात कुजबुज सुरू झाली की तात्या आता दिवसाही घेतात. मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. अकलूजला दाखवलं, पुण्याला दाखवलं. साखर, मेंदूचा स्कॅन, हृदय, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी वयाचं कारण दिलं आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहिल्या.

एका रविवारी मी माहेरी गेले होते. जेवायला बसलो. तात्या खुर्चीवर, ताट स्टुलावर, आणि आमटीत मीठ कमी म्हणून आईचा उद्धार चालला होता. बोलता बोलता झोपले. बसल्या जागी डुलकी लागली की माणसाची मान पुढं पडते. तात्यांची मागं गेली. आणि हनुवटी वर उचलली गेली... कुणीतरी उचलावी तशी. जबड्याच्या कडेला कातडीत बोटांच्या खळ्या पडल्या होत्या. मी समोर होते, हातभर अंतरावर. छाती एका लयीत वर-खाली होत होती. माणसाचा झोपेतला श्वास कधी लहान, कधी मोठा असतो. हा तसा नव्हता. भूल दिलेल्या पेशंटला श्वास द्यायला डॉक्टर रबराची पिशवी हातानं दाबतात ना, तसा होता.

मी पापणीला बोट लावून पाहिलं. पापणी फडफडली नाही. चिमटा काढला, जरा जोरातच काढला, काही नाही.

"हात नगं लावू," आई म्हणाली. ती शांतपणे भाकरी थापत होती. "कान हालला की उठत्यात त्ये."

"कान कोण हलवतं?"

"त्येच बग आता."

मी बसून राहिले. आमटी थंड झाली, तिच्यावर पापुद्रा धरला. आणि मग तात्यांच्या उजव्या कानाची पाळी खाली ताणली गेली. शेजारी कुणी नव्हतं. पाळी हळूच खाली गेली, सुटली, परत गेली. तात्यांनी डोळे उघडले आणि ताटात ओकले.

मी अंगणात जाऊन दिनूला व्हिडिओ कॉल लावला. त्याच्या डोक्यावर थिएटरची टोपी होती. "बोल ताई, आत्ताच एक सिझर संपवून बाहेर आलो," म्हणाला. मी नुसती तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

पुढचे काही दिवस आईनं तात्यांच्या झोपेची वेळ सांगायची आणि मी दिनूला तो त्या वेळी काय करत होता ते आडून विचारायचं, असं चाललं. मलावीचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागं, तेवढा हिशेब केला की जुळायचं. एकदाही चुकलं नाही. शेवटी दिनूला खरं ते सांगितलं. तो आधी हसला.  मग म्हणाला, "उद्या मी पेशंटचा डावा कान ओढतो. कुणाला सांगू नकोस, आईलाही नको."

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "आज डावा कान चोळतायत गं."

दिनूला मी हे लगेच कळवलं. "मी थांबलो तर तात्या जागे राहतील," तो म्हणाला. "पण इथल्या बायकांचं काय करू?" मग त्यानंच मार्ग काढला. भूल विद्यार्थ्यांनी द्यायची, यानं शेजारी उभं राहून शिकवायचं. स्वतः पेशंटला हात लावायचा तो अगदीच अडलं तर. ते लागू पडलं. तात्या दिवसाचे जागे राहायला लागले. थोको नावाची त्याची एक विद्यार्थिनी इतकी तयार झाली होती की दिनू कौतुकानं तिचे व्हिडिओ मला पाठवायचा. मला वाटलं, सुटलो.

पण एकदा स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर ठेवून आई, मी आणि दिनू याच विषयावर बोलत होतो आणि तात्या दारात येऊन उभे राहिले होते. किती ऐकलं कोण जाणे. बहुतेक सगळंच.

"म्हंजी त्यो तितं कुनाला झोपवतो आन् हितं मी पडतो व्हय?" तात्या म्हणाले. "बापाकडं यायला सवड न्हाय, बापाच्या अंगात शिरायला हाय."

"तात्या, तो मुद्दाम नाही करत," मी म्हटलं.

"मी कुटं म्हनतो मुद्दाम करतो म्हून?" ते रागावलेले नव्हते, हे मला आजही नीट आठवतं. चेहऱ्यावर समाधान होतं, हरवलेली वस्तू घरातच सापडल्यावर होतं तसं. "दोरी हाय म्हना की मधी. आन् दोरीला दोन टोकं असत्यात, रेखे."

मला वाटलं, नेहमीचं तिरकस बोलणं.

त्यानंतर एकदा दिनूला एक अवघड पेशंट स्वतः घ्यावा लागला. विद्यार्थ्यांच्या आवाक्यातलं काम नव्हतं. तात्या त्या वेळी त्या बंद हॉस्पिटलच्या पायऱ्या झाडून घेत होते. त्यांचा रोजचा उद्योग होता तो, कुणी न येणाऱ्या इमारतीच्या पायऱ्या झाडून घ्यायचा. वरच्या पायरीवर झोप आली आणि खाली कोसळले. खुब्यात हाड मोडलं. मला आईनं सांगितलं ते असं, की पाय भलतीकडं वळलेला, आणि तात्या गाढ झोपेत, चेहऱ्यावर सुरकुती नाही. लोक जमले. उचलायला जावं तर पाय लोंबकळायचा. आणि मग कान हालला. "असं वराडलं गं बाई," आई म्हणाली, "पार बाजारतळावर ऐकू गेलं."

गावात त्यांनी एकच वाक्य लावून धरलं. "पोरानं पाय मोडला माझा. तिकडं बसून मोडला."

ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात ठरलं. मी सगळी व्यवस्था लावली. कमरेत इंजेक्शन देऊन फक्त पाय बधिर करायचे, तात्या पूर्ण जागे राहणार, असं आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमशी बोलून ठेवलं. दिनूला कळवलं. तो म्हणाला, "मी त्या वेळात कुणाला भूल देणार नाही ताई. टेबलावर तात्यांना भलतीच झोप लागायला नको." काळजी आम्ही त्या बाजूनं केली होती. दुसऱ्या बाजूनं कुणी विचारच केला नव्हता... म्हणजे आमच्यापैकी कुणी.

सकाळी तात्यांना टेबलावर घेतलं. मी हात धुऊन, गाऊन-ग्लोव्ह्ज घालून ट्रॉलीपाशी उभी होते. मॅडमनी कमरेत सुई घातली. मणके झिजून एकमेकांना चिकटलेले, सुई शिरेना. वरच्या जागेत पाहिलं, बाजूनं पाहिलं. शेवटी त्या म्हणाल्या, "आबा, हे जमत नाही. तुम्हाला पूर्ण भूल द्यावी लागेल. काही कळणार नाही तुम्हाला."

"पूर्न झोपवनार?" तात्यांनी विचारलं.

"हो."

तात्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मास्कच्या वर माझे फक्त डोळे दिसत असतील. "झोपवा म्याडम," ते म्हणाले. "आता आमच्या टोकाकडनं बगू."

 मी म्हटलं, "मॅडम, एक मिनिट थांबा, मला फोन करायचाय." मॅडमनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी टेबलाजवळ चहा मागितला. औषध शिरेत जायला लागलंसुद्धा होतं. माझे हात निर्जंतुक, फोन लॉकरमध्ये. मी बाहेरच्या सिस्टरला ओरडून सांगितलं, माझा फोन काढ, दिनूला लाव, त्याला म्हणावं जिथं असशील तिथं खाली बस. तिनं लावला. रिंग वाजत राहिली.

तात्या झोपले. स्नायू ढिले करायचं औषध दिलं, नळी घातली, ऑपरेशन सुरू झालं. हे औषध दिल्यावर माणसाला स्वतःची पापणी हलवता येत नाही, श्वाससुद्धा मशीन देतं. तात्यांचा उजवा हात बाजूच्या फळीवर पट्ट्यानं बांधलेला होता, तळवा वर. आणि त्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर आलं. चिमूट झाली. चिमूट आवळली, नखं पांढरी पडली, आणि मनगट पिळलं गेलं.

मी मॅडमना दाखवलं. त्यांनी मनगटाला मशीन लावून तपासलं, स्नायू पूर्ण ढिले असल्याचं मशीन सांगत होतं. "शक्य नाही," त्या म्हणाल्या आणि औषध आणखी दिलं. चिमूट सुटली नाही. तात्या काहीतरी पिळत होते, ओढत होते, आणि चेहरा झोपलेल्या तान्ह्या बाळाचा. सर्जनच्या हातात मी हत्यारं देत होते आणि नजर माझी त्या हातावरून हलत नव्हती. ती पकड मी ओळखत होते. घरातल्या आम्ही सगळ्यांनीच ती कधी ना कधी सोसली होती.

ऑपरेशन उत्तम झालं. असल्या माणसांची ऑपरेशनं उत्तमच होतात.

दुपारी दिनूच्या नंबरवरून फोन आला, पण बोलत होती थोको. रडत इंग्रजीत बोलत होती. तिनं सांगितलं ते असं. सकाळी चिकोंडी नावाची एक बाई अडलेली आली, रक्तस्राव चालू. दिनू नुसता शेजारी उभा होता, भूल थोकोनंच दिली. पण नळी जाईना. दोनदा प्रयत्न केले, घसा सुजला. मग दिनूनं मास्क आपल्या हातात घेतला, हनुवटी उचलली, श्वास द्यायला लागला. छाती छान हलत होती, थोको म्हणाली. सर्जननं पोट उघडून बाळ बाहेर काढलं. आणि त्याच वेळी दिनूचं डोकं उजवीकडं झुकलं. थोकोचे शब्द असे होते, की डॉक्टरांना कुणीतरी कानाला धरून खाली ओढलं. ते जमिनीवर पडले आणि उठेनात. सगळ्यांना वाटलं हार्ट अ‍ॅटॅक. थोकोनं मास्क उचलला, पण तिच्या हाताला ती हनुवटी, तो सुजलेला घसा सापडेपर्यंत उशीर झाला होता.

बाळ वाचलं. चिकोंडी वाचली नाही.

दिनूला तिथं कुणीच जागं करू शकलं नाही. इकडं आमच्या मॅडमनी तात्यांना हाक मारली, तात्यांनी डोळे उघडले, तेव्हाच तिकडं तो उठला. उजवा कान जुन्या टाक्यावर परत फाटला होता, गळ्यापर्यंत रक्त आलं होतं. कुणी म्हणालं पडताना टेबलाची कड लागली असेल. थोको म्हणाली, टेबल डाव्या बाजूला होतं.

तिथल्या लोकांनी त्याला दोष दिला नाही. चक्कर आली असं ठरलं. थांबा, शिकवा, असं सगळे म्हणत होते. पण दिनूनं त्यानंतर मास्कला हात लावला नाही. सामान बांधून परत आला. बावड्यात गाडीतून उतरला तेव्हा तात्या वॉकर धरून फाटकात उभे होते.

"आला का न्हाय शेवटी?" ते आम्हा सगळ्यांना म्हणाले. दिनूला नाही.

दिनू त्यांच्यासमोर उभा राहिला. "तात्या, ती बाई मेली. तुमाला म्हाईत हाय का? चिकोंडी नाव होतं तिचं."

"बाया मरत्यातच बाळंतपनात," तात्या म्हणाले. "हात-पाय धू. च्या घे."

आईनं चहाचा कप तिथंच अंगणात ओतून दिला. तिच्या सगळ्या आयुष्यात तिनं तात्यांसमोर केलेलं हे एवढंच बंड. तात्या हसले.

शेडमधला बोर्ड पुसून इमारतीवर लागला. दिनू आता खोकला, ताप, जुलाब बघतो. तात्या दाराशी खुर्ची टाकून बसतात, पेशंटना आत सोडतात, आणि प्रत्येकाला सांगतात की पोरगं फॉरेन रिटर्न आहे. थोको आता स्वतः शिकवते. तिचा फोन आला की दिनू स्क्रीनकडं बघत बसतो, उचलत नाही. मी विचारलं तर म्हणतो, "काय बोलू तिच्याशी?" माझ्या भावाला मी असा कधी पाहिला नव्हता. कान फाटला त्या दिवशीही नाही.

इथं गोष्ट संपली असती तर मी लिहिली नसती.

तात्यांची ती दुपारची अवेळी झोप बंद झाली. आता ती दिनूला येते. तात्या जेवून आडवे झाले, त्यांचा डोळा लागला, की दिनू जिथं असेल तिथं पडतो. एकदा एका म्हातारीच्या छातीला स्टेथोस्कोप लावलेला असताना तिच्याच मांडीवर डोकं टेकून झोपला. गाडी चालवणं बंद केलं. दुपारी दवाखाना बंद ठेवतो. तात्या उठेपर्यंत त्याला काहीही करा, उठत नाही. मी पापणीला बोट लावून पाहिलंय.

आणि तात्यांना हे कळलंय. मागं दिनूनं पुण्याला नोकरी बघायचं ठरवलं. बॅग भरली. तात्या कॉटवर पडले आणि चादर तोंडावर ओढली. दिनू एसटी स्टँडवर कोसळला, लोकांनी उचलून घरी आणला. तेव्हापासून घरात जरा वादावादी झाली, दिनूचा आवाज चढला, की तात्या नुसता हात चादरीकडं नेतात. दिनू गप्प होतो.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, सिस्टर, तुम्ही रजा घ्या. पुण्याच्या झोपेच्या डॉक्टरांनी दिनूला एका आजाराचं नाव दिलं आणि गोळ्या दिल्या, त्यांचा काडीचा उपयोग नाही. मला याचं स्पष्टीकरण माहीत नाही. मांत्रिकांचे पत्ते कृपा करून पाठवू नका. औषधानं ढिला पडलेला हात पिळतो कसा, एवढं जरी कुणी मला शास्त्रानं समजावलं तरी मी त्याचे पाय धरीन.

तात्यांचं वय आता बरंच झालंय. दोन वर्षांपूर्वीपर्यंत, खरं सांगते, हा माणूस जाईल त्या दिवशी आई मोकळी होईल असं माझ्या मनात यायचं. आता त्यांना साधी सर्दी झाली तरी "एक दिस ह्ये उठलंच न्हाईत तर दिनूचं काय?" म्हणत आई देव पाण्यात घालून बसते. दर रविवारी मी बारामतीहून बावड्याला जाते ती बापाला भेटायला नाही. बीपी बघते, साखर बघते, पायाला सूज आहे का बघते, गोळ्या पुढ्यात बसून गिळायला लावते. हॉस्पिटलात कुठल्या पेशंटची केली नसेल इतकी सेवा मी या माणसाची करते. शेजारच्या बायका म्हणतात, लेक असावी तर अशी.

परवा बीपी जरा जास्त लागलं. मी परत पट्टा बांधला, परत तेवढंच. तिसऱ्यांदा बांधला. दिनू दारात उभा राहून माझ्या तोंडाकडं बघत होता. तात्यांनी आमच्या दोघांकडं पाहिलं, दुसरा हात उशाखाली घेतला आणि आरामात मागं टेकले.

"जप गं मला, रेखे," ते म्हणाले.